मायग्रेनवर रोजची गोळी घ्यावी, की सवयी बदलून भागेल?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, विशीपासून मायग्रेन. पूर्वी महिन्यातून दोन-तीनदा व्हायचं, गेल्या दीड वर्षात महिन्याचे ११-१२ दिवस डोकं दुखतं. कधीकधी दुखण्याआधी डोळ्यांसमोर चकाकणाऱ्या नागमोडी रेघा येतात. दुखायला लागलं की, किंवा 'आज दुखणार' असं नुसतं वाटलं तरी, त्या कॅफिन मिसळलेली पेनकिलर घेतात. महिन्याला तीन स्ट्रिपा संपतात. डॉक्टरांनी झटके येऊच नयेत म्हणून प्रोप्रॅनोलॉल ही गोळी रोज घ्यायला सांगितली होती, ती 'काहीच फरक नाही' म्हणून बाराव्या दिवशी बंद केली. घरचे म्हणतात रोजच्या गोळीची सवय लागते. मग झोप, जेवण, व्यायाम सांभाळून हे आटोक्यात येईल का, की औषध घ्यावंच लागेल?

गेली बावीस वर्षं मी डोकेदुखीचे रुग्ण पाहते आहे, आणि मला स्वतःला कॉलेजपासून मायग्रेन आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येतं. सरळ उत्तर हवं असेल तर: तुम्हाला औषधही लागेल आणि सवयीही. पण सुरुवात या दोन्हींपासून करू नका. तुमच्या पत्रात ज्या गोष्टीचा उल्लेख तुम्ही सहज जाता जाता केला आहे, त्या तीन स्ट्रिपांपासून करा.

आधी मोजणी. माझ्याकडे येणारे बहुतेक जण डोकेदुखीचे दिवस कमी सांगतात. खोटं बोलत नाहीत. ज्या दिवशी आडवं पडावं लागलं तेवढेच दिवस लक्षात राहतात. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या, म्हणाल्या, "महिन्यातून चार वेळा होतं, डॉक्टर." मी विचारलं, "बरं, डोकं अगदी स्वच्छ असतं, जरासुद्धा जड नाही, असे दिवस किती?" त्या बोटं मोजायला लागल्या, मग थांबल्या. बराच वेळ गप्प होत्या. "आठ... नाही, सातच असतील." म्हणजे चार दिवसांचं मायग्रेन नव्हतंच ते, तेवीस दिवसांचं होतं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनसारखे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चाललेलं असेल, तर त्याला आम्ही क्रॉनिक मायग्रेन म्हणतो. त्याचे उपचार थोडे वेगळे असतात. तेव्हा तुमच्या ११-१२ दिवसांत बारीक ठणकणारे दिवस धरलेत का, हे आधी पाहा.

आता गोळ्यांचे दिवस. इथे स्ट्रिपा किंवा गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. एका दिवशी चार गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस, आणि अर्धी घेतली तरी एक दिवस. नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखं साधं वेदनाशामक महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि ट्रिप्टान आणि अर्गोटामाइन ही खास मायग्रेनच्या झटक्यावरची औषधं, कोडीनसारखी ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली संयुक्त गोळी महिन्यात १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, की ज्यांना मुळात मायग्रेन आहे त्यांच्यात गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. तुमची गोळी संयुक्त आहे, म्हणजे तुमची मर्यादा १५ नव्हे, १० दिवसांची. 'दुखणार असं वाटलं तरी' घेता, म्हणजे गोळीचे दिवस डोकेदुखीच्या दिवसांपेक्षा जास्तच असणार. दोन-तीनचे अकरा-बारा झाले त्यामागे हे कारण असण्याची शक्यता मला खूप मोठी वाटते.

गंमत अशी की हा प्रकार डोकेदुखीवाल्यांमध्येच होतो. सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या माणसाला, त्याला मुळात मायग्रेन नसेल तर, सहसा डोकेदुखी जडत नाही. मायग्रेन असलेला मेंदू मात्र वेदनेच्या वाटा लवकर घट्ट करतो. एका रुग्ण मुलीने माझ्या टेबलावर पर्स उपडी केली होती. प्रत्येक कप्प्यात अर्धवट वापरलेली एक-एक स्ट्रिप होती, मोबाइलच्या कव्हरमध्येसुद्धा दोन गोळ्या खोचलेल्या. "जवळ नसली की धडधडतं," म्हणाली. ही व्यसनाधीनता नव्हे, भीती आहे. महत्त्वाच्या दिवशी डोकं उठेल ही भीती. मला ती चांगली ठाऊक आहे.

थांबवायचं कसं? साधी वेदनाशामकं आणि ट्रिप्टान डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदम बंद करता येतात किंवा आठवड्यातून दोन दिवसांवर आणता येतात. ओपिऑइड असलेल्या गोळ्या मात्र मनाने एकदम सोडू नका, त्या हळूहळू कमी कराव्या लागतात. पहिले दोन ते दहा दिवस वाईट जातात: डोकं जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते. हे आधीच माहीत असलेला माणूस टिकतो. माहीत नसलेला तिसऱ्या दिवशी परत स्ट्रिप फोडतो. म्हणून कामाचा ताण कमी असेल असा आठवडा निवडा, घरच्यांना सांगून ठेवा, आणि त्या दिवसांसाठी तात्पुरतं वेगळं औषध देता येतं का ते डॉक्टरांना विचारा. पुढच्या काही आठवड्यांत, फार तर दोन महिन्यांत, बऱ्याच जणांचे दिवस आपोआप उतरतात. पूर्वी आम्ही आधी गोळ्या सोडवायचो आणि मग प्रतिबंधक औषध, म्हणजे झटके कमी व्हावेत म्हणून रोज घ्यायचं औषध, द्यायचो. आता बहुतेक जण दोन्ही बरोबर सुरू करतात, मीही तेच करते. रुग्णाला एका बाजूने आधार दिल्याशिवाय दुसऱ्या हातातली गोळी काढून घेणं मला निष्ठुरपणाचं वाटतं.

एक मुद्दा तुम्ही लिहिलेला नाही, पण मला विचारलाच पाहिजे: तुम्ही गर्भनिरोधक गोळी घेता का? डोळ्यांसमोर येणाऱ्या त्या नागमोडी रेघांना ऑरा म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावर मज्जापेशींच्या हालचालीची एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर या वेगाने सरकत जाते, म्हणून रेघा एकदम न उमटता हळूहळू पसरतात आणि पाच मिनिटं ते तासाभरात विरतात. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये पक्षाघाताचा धोका थोडा वाढलेला असतो. तुमच्या वयात तो एकूण कमीच आहे, पण इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी आणि धूम्रपान यांनी तो आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ऑरा असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक वापरू नये. फक्त प्रोजेस्टोजेन असलेले किंवा बिनहार्मोनचे पर्याय असतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना 'मला मायग्रेन आहे' एवढंच सांगून भागत नाही, 'ऑरा येतो' हे वेगळं सांगा. हे वाक्य राहून गेल्याने चुकीची गोळी वर्षानुवर्षं चालू राहिलेली मी पाहिली आहे.

आता प्रोप्रॅनोलॉल. बारा दिवसांत तिला नापास केलंत ते तुमच्याकडे पुरेशी माहिती नव्हती म्हणून, आणि ती द्यायचं काम आमचं होतं. प्रतिबंधक औषध पेनकिलरसारखं तासाभरात काम करत नाही. कमी मात्रेने सुरू करायचं, हळूहळू वाढवायचं, आणि योग्य मात्रेवर पोचल्यानंतर किमान आठ आठवडे द्यायचे, तेव्हा कुठे ते लागू पडतंय की नाही हे कळतं. प्रोप्रॅनोलॉल सहसा दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास सुरू होते, आणि बऱ्याच जणांना ८० ते १६० पर्यंत जावं लागतं. बाराव्या दिवशी तुम्ही बहुधा सुरुवातीच्याच मात्रेवर होतात. दमा असेल तर मात्र ही गोळी घ्यायची नाही. नाडी मुळातच मंद असेल किंवा रक्तदाब कमी राहत असेल तर जपून. आणि काही महिने घेतल्यावर कधीही एकदम बंद करायची नाही, उतरवत आणायची.

रुग्णांचा एक फोन मला ठरलेला असतो. औषध लिहून दिलं की रात्री नाव शोधून पाहतात आणि सकाळी विचारतात, "मला फिट्सची गोळी का दिलीत?" किंवा "मी डिप्रेशनमध्ये आहे असं तुम्हाला वाटतं का?" नाही. मायग्रेनची जुनी प्रतिबंधक औषधं जवळजवळ सगळी उसनी आहेत. प्रोप्रॅनोलॉल हृदयासाठी आलं; १९६०च्या दशकात छातीदुखीसाठी ते घेणाऱ्या रुग्णाचं मायग्रेन कमी झालेलं दिसलं आणि त्यातून हा उपयोग कळला. अमिट्रिप्टिलिन नैराश्यावरचं, टोपिरामेट अपस्मारावरचं, कॅन्डेसार्टन रक्तदाबावरचं. मायग्रेनसाठी मात्रा बहुधा कमी लागते. अमिट्रिप्टिलिन मी १० मिलिग्रॅमने सुरू करते, झोपायच्या दोनेक तास आधी घ्यायला सांगते, नाहीतर सकाळ गुंगीत जाते. झोप नीट नसेल किंवा मानेत-खांद्यात सतत आखडलेपण असेल तर हे माझं आवडतं औषध. तोंड कोरडं पडतं, वजन वाढू शकतं, हेही तेव्हाच सांगते.

टोपिरामेट उलट्या बाजूचं: भूक कमी करतं, वजन उतरतं. २५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत सहसा दिवसाला १०० पर्यंत नेतात. बोटांना मुंग्या येतात, त्या निरुपद्रवी असतात. पण शब्द हरवण्याचा त्रास काहींना फार जाणवतो. एक वकील बाई पंधरा दिवसांनी आल्या आणि म्हणाल्या, "डोकं छान आहे, पण काल कोर्टात मला 'जामीन' हा शब्द आठवेना." बदललं मी औषध. मुतखड्याचा इतिहास असेल तर टाळायचं, आणि अचानक डोळा दुखून दिसायला धूसर झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गर्भावर याचे दुष्परिणाम होतात, म्हणून मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला देताना गर्भनिरोधनाची पक्की व्यवस्था हवी. व्हॅल्प्रोएट या फिट्सवरच्याच दुसऱ्या औषधाच्या बाबतीत मी त्याहून कडक आहे: या वयाच्या स्त्रियांना मायग्रेनसाठी ते देत नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर तो आधी बोला, कॅन्डेसार्टनसुद्धा त्या काळात चालत नाही. फ्लुनारिझिन रात्री घेण्याचं औषध, बऱ्यापैकी चालतं, पण वजन, सुस्ती, मन उदास होणं यांकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि उतारवयात हातापायांत कंप किंवा ताठरपणा आणू शकतं. वर्षानुवर्षं तेच चालू ठेवणं बरं नाही.

नव्या औषधांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ऐकलं असेलच. १९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन या संशोधकांनी मायग्रेनच्या झटक्यात मानेच्या शिरेतलं रक्त तपासलं. त्यात सीजीआरपी नावाचं एक प्रथिनासारखं छोटं द्रव्य वाढलेलं सापडलं. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या मज्जातंतूंतून ते सुटतं, वाहिन्या रुंदावतात, वेदनेचे संदेश वाढतात. त्याला अडवणारी इंजेक्शनं रुग्णांपर्यंत पोचायला २०१८ उजाडलं. या कामासाठी या दोघांना, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन यांच्यासह, २०२१चं ब्रेन प्राइझ हे मेंदू-संशोधनाचं मोठं पारितोषिक मिळालं. एरेनुमॅब, फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब ही इंजेक्शनं त्वचेखाली सहसा महिन्यातून एकदा घेतात, एप्टिनेझुमॅब शिरेतून तीन महिन्यांनी. रिमेजेपंट आणि अ‍ॅटोजेपंट या त्याच वाटेवरच्या गोळ्या. ही औषधं उसनी नाहीत, मायग्रेनमध्ये काय घडतं ते ओळखून नेम धरून बनवलेली आहेत, त्यामुळे गुंगी, वजन, शब्द हरवणं असले त्रास फारसे नसतात. एरेनुमॅबने बद्धकोष्ठ होऊ शकतं आणि रक्तदाब वाढू शकतो, एवढं पाहावं लागतं. अमेरिकन हेडेक सोसायटीने २०२४मध्ये असं म्हटलं की जुनी औषधं नापास होण्याची वाट न पाहता ही पहिल्यापासून वापरायला हरकत नाही. पण ती महाग आहेत, आणि तुमच्या बाबतीत जुनं औषध अजून नीट वापरून पाहिलेलंच नाही.

बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे सुरकुत्यांसाठी प्रसिद्ध झालेलं तेच, फक्त क्रॉनिक मायग्रेनमध्ये उपयोगी ठरलं आहे. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे अशा ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट, दर बारा आठवड्यांनी. तुमचे दिवस १५च्या आत असतील तर त्याच्या मागे लागू नका.

'सवय लागते' या भीतीबद्दल. वर सांगितलेल्या प्रतिबंधक औषधांचं व्यसन लागत नाही. ज्या गोळीच्या आहारी माणूस जातो ती तुमच्या पर्समध्ये आधीच आहे, आणि तिला घरात कुणी आक्षेप घेतलेला नाही! प्रतिबंधक औषध लागू पडलं की सहा ते बारा महिने ठेवून हळूहळू काढून पाहतात. काहींना परत लागतं, पुष्कळांना लागत नाही. आणि यश कशाला म्हणायचं तेही आधी ठरवून घ्या. दिवस निम्मे झाले तर आम्ही औषध लागू पडलं असं धरतो. तुमचे बाराचे पाच-सहा झाले, झटका सौम्य झाला, एका गोळीत आवरला, तर ते चांगलंच यश आहे. शून्याची वाट पाहणारा माणूस चांगलं चाललेलं औषधही टाकून देतो.

आता सवयी. यात एक गोष्ट धरून ठेवा: मायग्रेनच्या मेंदूला बदल सोसत नाही. दोन झटक्यांच्या मधल्या काळातसुद्धा हा मेंदू इतरांसारखा सरावत नाही. तोच आवाज, तोच प्रकाश पुन्हा पुन्हा आला तर इतरांचा मेंदू हळूहळू दुर्लक्ष करतो, आपला करत नाही. त्यामुळे 'हे खाऊ नका, ते खाऊ नका' यापेक्षा वेळा सांभाळणं जास्त उपयोगी पडतं. मी पहिली सूचना देते ती उठण्याच्या वेळेची. झोपायला उशीर झाला तरी उठायची वेळ तीच, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आठवडाभर सहाला उठून रविवारी साडेनऊला उठणाऱ्यांचं डोकं रविवारी दुपारी दुखतं, आणि ते म्हणतात, "विश्रांती घेतली तरी दुखलं." विश्रांती घेतली म्हणूनच दुखलं. त्यात ताणाचाही एक भाग आहे: ताण असताना डोकं शांत राहतं आणि ताण उतरला की उठतं. परीक्षा संपल्याच्या संध्याकाळी, लग्नकार्य आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी. माझी स्वतःची सगळ्यात वाईट डोकेदुखी रात्रपाळीत नाही, रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी यायची.

जेवणाची वेळ टळू देऊ नका. उपाशी राहणं हे फार थोड्या निर्विवाद कारणांपैकी एक आहे. चहा-कॉफी बंद करा असं मी सांगत नाही. रोज तेवढीच आणि त्याच वेळी घ्या, दिवसाला दोन कपांच्या आत. रोज चार कप पिणाऱ्याने एखाद्या दिवशी एकही घेतला नाही, की डोकं धरतंच. तुमच्या पेनकिलरमधलं कॅफिनही या हिशेबात धरा.

पदार्थांच्या बाबतीत माझं मत बहुतेक पथ्यवाल्यांना पटत नाही. चॉकलेट खाल्लं आणि डोकं उठलं, म्हणून चॉकलेट दोषी, असं नेहमी नसतं. झटका प्रत्यक्ष दुखायच्या एक-दोन दिवस आधी सुरू झालेला असतो. त्या काळात मेंदूच्या खोल भागातलं हायपोथॅलॅमस जागं झालेलं दिसतं, आणि जांभया येतात, मान आखडते, लघवीला जास्त होतं, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. म्हणजे झटका सुरू झाला म्हणून चॉकलेट खाल्लं गेलं. मानेचंही तेच: मान दुखते म्हणून डोकं उठलं असं वाटतं, पण मान ही पुष्कळदा झटक्याचीच पहिली पायरी असते. दारूसारखं एखादं कारण पाच-सहा वेळा तंतोतंत जुळलं तर टाळा. पण बावीस पदार्थांची यादी बनवून जेवणालाच घाबरणारे रुग्ण पाहिले की वाईट वाटतं. त्यांची डोकेदुखी कमी होत नाही, वर उपाशी राहिल्याने वाढते. या पूर्वखुणा ओळखायला शिका मात्र. त्या दिवशी जागरण टाळता येतं, जेवण वेळेवर घेता येतं.

'पित्ताने डोकं दुखतं' हेही असंच. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून पित्तच कारण, असं घरोघरी मानतात. मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे. झटक्यात पोट मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. जेव्हा गोळी घ्यायचीच असेल तेव्हा सुरुवातीलाच, पुरेशा मात्रेत घ्या, उलटी थांबवणाऱ्या औषधाबरोबर घेता येते का ते विचारा. सायनसचीही तीच कथा. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं मानणारे किंवा तसं निदान झालेले २९९१ लोक तपासले, तर ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारातलं निघालं.

व्यायामाला मी औषधाच्या रांगेत बसवते, आणि ते भावनेपोटी नाही. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवड्यातून तीनदा ४० मिनिटांचा व्यायाम, शिथिलीकरणाचा सराव आणि टोपिरामेट या तिघांची तुलना केली; झटके कमी होण्यात तिघांत लक्षणीय फरक आढळला नाही. फक्त ९१ जणांची चाचणी होती, हे खरं. पण व्यायामाने मुंग्या येत नाहीत आणि शब्द हरवत नाहीत. भरभर चालणं, सायकल, पोहणं, काहीही चालेल. एकदम जोरात सुरू केलं तर तेवढ्यानेच डोकं उठू शकतं, म्हणून पहिले दोन आठवडे पंधरा मिनिटांवर ठेवा. शिथिलीकरण, बायोफीडबॅक (यंत्रावर शरीरातला ताण पाहत तो सैल करायला शिकणं) आणि विचार-वर्तन उपचारपद्धती यांनाही चांगला आधार आहे. शिकवणारा मिळाला तर जरूर करा.

पूरक गोष्टींत रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम ४०० ते ६०० मिलिग्रॅम यांना थोडाफार पुरावा आहे. पहिल्याने लघवी गडद पिवळी होते, दुसऱ्याने पोट सैल होतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मॅग्नेशियम मनाने घेऊ नका. बटरबर नावाची वनस्पती नको, यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

पाळीचा संबंध तपासा. पाळी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत झटके येत असतील तर त्याला इस्ट्रोजेन उतरण्याचं कारण असतं. पाळी नियमित असेल तर फक्त त्या पाच-सहा दिवसांपुरतं नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक किंवा फ्रोव्हाट्रिप्टान हे ट्रिप्टान देता येतं. मात्र हे दिवसही गोळीच्या हिशेबात धरले जातात, म्हणून तुमच्या बाबतीत आधी स्ट्रिपा उतरल्या पाहिजेत.

थोडं सावधगिरीचं. इतक्या वर्षांचं एकाच ठशाचं मायग्रेन असेल आणि तपासणीत काही वेगळं नसेल तर दरवेळी एमआरआय लागत नाही. पण क्षणात शिगेला पोचलेली भयंकर डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, हातापायात कमजोरी, बोलताना जीभ अडखळणं, तासाच्या पुढे चालणारा ऑरा, यांपैकी काहीही झालं तर पेनकिलर घेऊन पडून राहू नका, तातडीने रुग्णालयात जा. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, खोकताना वाढणारी, गर्भारपणात किंवा कॅन्सरच्या रुग्णाला नव्याने आलेली डोकेदुखीही मायग्रेन म्हणून सोडून द्यायची नाही.

कायमचं बरं होईल का, याचं उत्तर: कल जन्मभर राहतो, त्रास राहीलच असं नाही. बऱ्याच स्त्रियांना पाळी गेल्यावर आराम पडतो. मी स्वतः आता वर्षातून चार-पाच वेळा आडवी पडते, तिशीत महिन्यातून चारदा पडायचे.

तुमच्यासाठी पुढचे तीन महिने मी असे मांडेन. साधं कॅलेंडर घ्या, अ‍ॅपची गरज नाही. झोपण्यापूर्वी तारखेवर एक खूण: स्वच्छ दिवस असेल तर काही नाही, बारीक दुखलं तर एक रेघ, काम थांबलं तर फुली. गोळी घेतली तर खाली टिंब, पाळी असेल तर गोल. याहून जास्त लिहू नका, जास्त लिहिणारे आठव्या दिवशी सोडून देतात. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून तीन गोष्टी विचारा: संयुक्त पेनकिलर कशी सोडवायची आणि तिच्या जागी झटक्याला काय घ्यायचं, प्रोप्रॅनोलॉल परत सुरू करून कोणत्या मात्रेपर्यंत न्यायची की माझ्यासाठी दुसरं बरं, आणि ऑरा असताना माझं गर्भनिरोधक बदलायला हवं का. पुढची भेट दहा-बारा आठवड्यांनंतरची ठरवून या, आणि कॅलेंडरची तिन्ही पानं बरोबर न्या. टिंबं महिन्याला आठच्या आत आलेली असतील तर मग फुल्या मोजायला बसू.